ऊस बिलाच्या दिवशी क्यू का तुंबते : मेसेज इंटिग्रेशनचं मोजमाप आणि ट्यूनिंग, नवख्यांसाठी

सोलापुरात इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलेल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला पहिल्याच प्रोजेक्टवर ‘इंटिग्रेशन सपोर्ट’ येतो. कॉलेजात जावा झालेली असते, डेटाबेस झालेला असतो. एका सॉफ्टवेअरकडून दुसऱ्याकडे मेसेज नेणारी ही मधली यंत्रणा मात्र कुणी दाखवलेली नसते. मग रात्री फोन येतो, ‘क्यू वाढतेय, बघा जरा.’ क्यू म्हणजे मेसेज पुढे जाण्याची वाट बघत थांबतात ती रांग. बघायचं काय, हेच माहीत नसतं. त्या पहिल्या काही महिन्यांसाठी हे लिहितोय.

उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच घेऊ. समजा पंढरपूर-माढा पट्ट्यात एक साखर कारखाना आहे. भरगाडी काट्यावर चढली की वजनाचा एक मेसेज निघतो. ऊस गव्हाणीत टाकून गाडी रिकामी परत आली की दुसरा. हे मेसेज शेतकी विभागाच्या सॉफ्टवेअरकडे जातात, तोडणी-वाहतुकीच्या हिशोबात जातात आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस होऊन पोचतात. दिवसभरात हे मेसेज काही फार नसतात. खरी परीक्षा ऊस बिलाच्या दिवशी. समजा २०,००० शेतकरी आहेत, तर बँकेकडे जाणारे २०,००० मेसेज एकदम निघतात, आणि तेवढेच एसएमएस. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. बिल बहुतेक वेळा मुदतीच्या तोंडावरच निघतं. तुमच्या क्यूमध्ये मेसेज अडकला, तर कुणीतरी करकंबहून किंवा टेंभुर्णीहून बँकेत येऊन रिकाम्या हाताने परत जातो. या कामाकडे मी त्या नजरेने बघतो आणि तुम्हीही बघावं असं मनापासून वाटतं.

मधली यंत्रणा म्हणून आयबीएम एमक्यू आणि आयबीएम ॲप कनेक्ट एंटरप्राइझ धरू. पहिलं मेसेज क्यूत सांभाळून पुढे पोचवतं, दुसरं ते वाचून, हवे तसे बदलून योग्य ठिकाणी पाठवतं. एमक्यू १९९३ मध्ये ‘एमक्यू सीरिज’ नावाने आलं. ॲप कनेक्ट एंटरप्राइझचं आधीचं नाव इंटिग्रेशन बस, त्याआधीचं वेबस्फिअर मेसेज ब्रोकर. जुन्या कागदपत्रांत ही तिन्ही नावं सापडतील, गोंधळू नका. वंश एकच आहे. तुमच्याकडे काफ्का किंवा रॅबिट-एमक्यू अशी मेसेज नेणारी दुसरी यंत्रणा असेल तरी पुढची विचार करायची पद्धत तीच राहते, फक्त आकड्यांची नावं बदलतात.

सगळ्या लेखात मला एकच गोष्ट ठसवायची आहे : आधी मेसेज कुठे थांबतोय ते शोधा, मगच सेटिंगला हात लावा. मेसेजचा बहुतेक वेळ इंटिग्रेशन सॉफ्टवेअरच्या आत जात नाही. तो पलीकडच्या डेटाबेसची, बँकेच्या सर्व्हिसची किंवा डिस्कची वाट बघण्यात जातो.

पायरी १ : मेसेजचा रस्ता कागदावर काढा

मॉनिटरिंगची कुठलीही स्क्रीन उघडण्याआधी एक कागद घ्या आणि एका मेसेजचा पूर्ण प्रवास लिहा. काट्यावरचा कॉम्प्युटर, तिथला क्यू मॅनेजर (क्यू सांभाळणारा एमक्यूचा प्रोग्रॅम), ट्रान्समिशन क्यू (बाहेर जाणारे मेसेज थांबतात ती), चॅनल (दोन क्यू मॅनेजरना जोडणारा दुवा), मुख्य ऑफिसमधला क्यू मॅनेजर, इनपुट क्यू, फ्लो (मेसेज उचलून त्यावर काम करणारा ॲप कनेक्टमधला प्रोग्रॅम), डेटाबेस, आउटपुट क्यू, एसएमएसची सर्व्हिस. प्रत्येक टप्प्यापुढे दोन गोष्टी लिहा : इथे मेसेज थांबू शकतो का, आणि थांबला तर मला तो कुठे दिसेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रिकामं राहिलं तर ती तुमची आंधळी जागा समजा. अडचण आली की ती हमखास तिथेच निघते.

याच वेळी घड्याळं तपासा. काट्याचा कॉम्प्युटर सात मिनिटं मागे असेल तर तुमचं सगळं मोजमाप खोटं ठरेल, म्हणून सगळ्या मशीन एकाच टाइम सर्व्हरला जोडून घ्या. आणि एमक्यूच्या मेसेज हेडरमधली वेळ ग्रिनिचची असते. संध्याकाळी ६ ला टाकलेल्या मेसेजवर दुपारचे १२:३० दिसले तर मेसेज साडेपाच तास अडकला असं समजून धावपळ करू नका.

पायरी २ : मोजमाप चालू करा

एमक्यूमध्ये क्यूचं बारीक मोजमाप आपोआप चालू नसतं. ‘रनएमक्यूएससी’ या एमक्यूच्या कमांड स्क्रीनमध्ये जाऊन क्यू मॅनेजरचं ‘मॉनक्यू’ हे मोजमापाचं सेटिंग मीडियमवर ठेवा. हा बदल आधीपासून उघड्या असलेल्या क्यूला लागू होत नाही, त्यामुळे क्यू वाचणारा फ्लो एकदा थांबवून पुन्हा चालू करावा लागतो. आकड्यांच्या जागी रिकामं दिसलं तर आधी हेच तपासा.

ॲप कनेक्टमध्ये फ्लोचं स्टॅटिस्टिक्स चालू करता येतं. ते दोन तऱ्हेचं असतं. स्नॅपशॉट साधारण दर २० सेकंदांनी ताजा होतो आणि वेब स्क्रीनवर दिसतो. आर्काइव्ह आपोआप ६० मिनिटांचा हिशोब धरतं. शोधाशोध करताना स्नॅपशॉट वापरा, रोजची नोंद ठेवायला आर्काइव्ह. फाइलमध्ये लिहून घेतलेल्या वेळा मायक्रोसेकंदांत असतात, हे आकडे वाचताना विसरू नका.

आता घाई न करता सगळं सुरळीत चाललेलं असतानाचे आकडे लिहून ठेवा. मंगळवारी सकाळी ११ ला, रात्री काट्यावर गर्दी असते तेव्हा, आणि एका बिलाच्या दिवशी. बरा असताना किती होता हे माहीत नसेल, तर आज आलेला आकडा जास्त की कमी हे सांगायला काहीच आधार राहत नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक टीम ते टाळतात. तुम्ही टाळू नका.

पायरी ३ : क्यू वाचायला शिका

नवखा माणूस क्यूची खोली, म्हणजे तिच्यात आत्ता किती मेसेज आहेत, ते बघतो. ‘करडेप्थ’ हा खोलीचा आकडा ३,००० दिसला की घाबरतो, ० दिसला की निर्धास्त होतो. दोन्ही चुकीचं. बिलाच्या दिवशी ३,००० मेसेज असतील आणि दर सेकंदाला ५० उचलले जात असतील तर एका मिनिटात क्यू रिकामी होईल. उलट एखाद्या क्यूत चारच मेसेज आहेत, पण त्यातला सर्वांत जुना तीन तासांचा आहे, तर तिथे काहीतरी नक्की बिघडलंय.

म्हणून ‘डिस्प्ले क्यूस्टेटस’मध्ये पुढचे आकडे एकत्र बघायची सवय लावा. ‘एमएसजीएज’ म्हणजे क्यूतल्या सर्वांत जुन्या मेसेजचं वय, सेकंदांत. माझ्या मते हा सगळ्यांत प्रामाणिक आकडा. ‘क्यूटाइम’मध्ये मेसेज क्यूत सरासरी किती थांबतो ते दोन आकड्यांत कळतं, एक अलीकडचा आणि एक जरा लांब पल्ल्याचा. पहिला दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तर परिस्थिती आत्ता बिघडतेय. ‘आयपीप्रॉक्स’ म्हणजे वाचण्यासाठी क्यू उघडून बसलेल्यांची संख्या. ती ० असेल तर फ्लो बंद आहे, ट्यूनिंगचा प्रश्नच येत नाही. आणि ‘अनकॉम’, म्हणजे कमिट न झालेले बदल. खोली ५०० दिसते, वाचणारा फ्लो चालू आहे, तरी तो काहीच उचलत नाही, असं झालं तर बहुधा कुणीतरी मेसेज टाकून कमिट, म्हणजे पक्कं, केलेलं नसतं. असे मेसेज मोजणीत येतात, वाचणाऱ्याला मात्र मिळत नाहीत. अशा वेळी दोष पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे शोधायचा.

एक सापळा बिलाच्या दिवशी हमखास लागतो. लिनक्स आणि विंडोजवर नव्या क्यूची कमाल मर्यादा ५,००० मेसेजची असते. २०,००० मेसेज एका दमात ओतले आणि वाचणारा हळू असला तर क्यू भरते, आणि पाठवणाऱ्याला २०५३ हा कोड मिळतो. मेसेज चॅनलवरून येत असतील तर ते डेड लेटर क्यूकडे (पोचवता न आलेले मेसेज ठेवायची क्यू) वळू शकतात, आणि तिथे कुणी बघत नसेल तर ‘शेतकऱ्याचा एसएमएस गेला’ असं समजून सगळे घरी जातात. मर्यादा जरूर वाढवा, पण त्याआधी डिस्कवर जागा आहे का बघा. आणि मर्यादा वाढवल्याने वेग वाढत नाही, फक्त मेसेजना थांबायला जास्त जागा मिळते, हे वरिष्ठांना समजावून सांगा.

पायरी ४ : फ्लोच्या आत बघा

इथे खरं उत्तर मिळतं. स्टॅटिस्टिक्समधून तीन आकडे घ्या : किती मेसेज आले, एकूण लागलेला वेळ आणि एकूण सीपीयू वेळ. दोन्ही वेळांना मेसेजच्या संख्येने भागा.

समजा बिलाच्या फ्लोमध्ये एका मेसेजला ४०० मिलिसेकंद लागतात आणि त्यात सीपीयूचे फक्त ३०. मग उरलेले ३७० मिलिसेकंद फ्लो नुसता वाट बघत उभा आहे. कोड कितीही घासूनपुसून लिहिला तरी त्या ३० मधलेच काही वाचतील. आता नोडनिहाय स्टॅटिस्टिक्स चालू करा. नोड म्हणजे फ्लोमधली एक पायरी. कुठल्या नोडमध्ये ३५० गेले ते समोर येतं. बहुतेक वेळा तो शेतकऱ्याचा सभासद क्रमांक घेऊन डेटाबेसमध्ये खातं शोधणारा नोड असतो, आणि त्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायला लागणारी सूची) नसतो. डेटाबेस बघणाऱ्या सहकाऱ्याकडे जाताना हे आकडे घेऊन जा. ‘तुमचा डेटाबेस स्लो आहे’ म्हटलं की भांडण होतं. ‘ही क्वेरी ३५० मिलिसेकंद घेते, ही तिची प्रत’ म्हटलं की काम होतं.

उलट ४०० पैकी ३६० सीपीयूचे असतील तर दोष फ्लोच्या कोडमध्ये आहे. मग ईएसक्यूएल, म्हणजे फ्लोचा कोड ज्या भाषेत लिहितात ती, उघडा. लूपमध्ये प्रत्येक फेरीला ‘कार्डिनॅलिटी’ (यादीत किती घटक आहेत तो आकडा) मोजली जातेय का? लांबलचक फील्ड पाथ वारंवार लिहिलाय का, तिथे रेफरन्स वापरता येईल का? अख्खं मेसेज ट्री (फ्लोने फोडून मांडलेला मेसेज) एका कॉम्प्युट नोडमधून दुसऱ्यात नुसतं कॉपी होत चाललंय का? पार्सर (मेसेज फोडून वाचणारा भाग) लागेल तेवढंच वाचतो, त्यामुळे रूटिंगसाठी लागणारं फील्ड मेसेजच्या सुरुवातीला ठेवलं तर पुढचं सगळं वाचावंच लागत नाही. आणि ट्रेस. कधीतरी चालू केलेला यूजर ट्रेस (फ्लोच्या प्रत्येक पावलाची बारीक नोंद) बंद करायचा राहून जातो आणि फ्लो महिनोन्‌महिने त्या ओझ्याखाली चालत राहतो. सगळ्यांत आधी तो बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

याच यादीत ‘बॅकआउट’चा आकडाही बघा. तो वाढत असेल तर एखादा बिघडलेला मेसेज पुन्हा पुन्हा उचलला जातोय आणि परत क्यूत पडतोय. सीपीयू चढलेला, क्यू जशीच्या तशी, बाहेर काहीच जात नाही, असं चित्र दिसतं. समजा नावात भलतंच अक्षर आल्यामुळे एक मेसेज पार्स होत नाही आणि त्याच्यामागे हजारो शेतकरी अडकलेत. अशासाठी क्यूवर बॅकआउटची मर्यादा (किती वेळा फसल्यावर सोडून द्यायचा) आणि बॅकआउट क्यू (असा मेसेज बाजूला ठेवायची जागा) ही दोन्ही नावानिशी ठरवलेली पाहिजेत. फ्लो लाइव्ह करण्याआधीच करायचं काम आहे हे.

सरासरीबद्दल एक सांगायलाच हवं. १०० मेसेजपैकी ९५ जण २०० मिलिसेकंदांत सुटले आणि ५ जणांना २० सेकंद लागले, तर सरासरी १.१९ सेकंद येते. त्या सरासरीसारखा एकही मेसेज प्रत्यक्षात नव्हता. म्हणून कमाल वेळही बघा. जमलं तर काट्यावरची वेळ मेसेजमध्येच ठेवा आणि शेवटच्या फ्लोमध्ये फरक काढून नोंदवा. मग १०० पैकी ९५ मेसेज किती वेळात पोचले हे सांगता येतं, आणि शेतकी अधिकाऱ्याला समजणारी भाषा तीच आहे.

पायरी ५ : थ्रेड वाढवण्याआधी गणित करा

‘ॲडिशनल इन्स्टन्सेस’ हे सेटिंग नवख्यांना फार आवडतं. ते मुळात ० असतं, म्हणजे फ्लो एकाच थ्रेडवर चालतो. एक थ्रेड एका वेळी एकच मेसेज हाताळतो. एका मेसेजला ४०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला अडीच मेसेज. २०,००० मेसेजना ८,००० सेकंद, सव्वादोन तासांच्या आसपास. चार थ्रेड केले आणि डेटाबेसने साथ दिली तर ३३ मिनिटं. पण इंडेक्स टाकून ४०० चे ६० मिलिसेकंद झाले, तर एकाच थ्रेडवर २० मिनिटांत काम संपतं. म्हणून आधी वाट बघणं कमी करा, थ्रेड मग वाढवा.

किती थ्रेड लागतील याला साधं सूत्र आहे. दर सेकंदाला येणारे मेसेज गुणिले एका मेसेजला लागणारे सेकंद. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम हाच. सेकंदाला २० मेसेज आणि प्रत्येकी ०.४ सेकंद, म्हणजे किमान ८ थ्रेड. वर थोडी मोकळीक ठेवा. स्टॅटिस्टिक्समध्ये ‘कमाल थ्रेड किती वेळा गाठले’ असा आकडा असतो. तो ० असेल तर थ्रेड वाढवून काहीही मिळणार नाही.

प्रत्येक थ्रेड डेटाबेसशी स्वतःचं कनेक्शन धरतो, ही याची दुसरी बाजू. १६ थ्रेड म्हणजे १६ कनेक्शन, आणि एकाच टेबलवर १६ जणांची लॉकसाठी ओढाताण. थ्रेड दुप्पट केल्यावर प्रत्येक मेसेजचा वेळही दुप्पट झाला, तर वेग वाढलाच नाही, ओझं फक्त डेटाबेसवर सरकलं.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि ही चूक पैशांत भोवते. एका गाडीचं भरलेलं वजन आधी आणि रिकामं वजन नंतर पोचलं पाहिजे. एका थ्रेडवर ते आपोआप घडतं. चार थ्रेडवर दुसरा मेसेज पहिल्याच्या पुढे जाऊ शकतो, आणि निव्वळ वजन काढणारा कोड अडखळतो. काट्याच्या क्यूवर थ्रेड वाढवायचेच असतील तर एकाच पावती क्रमांकाचे मेसेज एकामागून एक जातील अशी सोय करा. काफ्कात पावती क्रमांक हीच मेसेजची ‘की’ (ओळखखूण) ठेवली, तर एका पावतीचे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये (क्यूच्या एका भागात) जातात. तिथे पार्टिशनपेक्षा जास्त कन्झ्युमर (मेसेज वाचणारे) लावले तर जादाचे नुसते बसून राहतात. बिलाच्या मेसेजचा एकमेकांशी क्रमाचा संबंध नाही, तिथे बिनधास्त वाढवा.

पायरी ६ : डिस्क, कमिट आणि मेमरी

पर्सिस्टंट, म्हणजे डिस्कवर जपून ठेवलेला, मेसेज कमिट होताना लॉग डिस्कवर लिहिला जाईपर्यंत थांबावं लागतं. डिस्क हळू असेल तर सगळं हळू. लॉग आणि क्यूच्या फाइल वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. पैशाचे मेसेज पर्सिस्टंटच हवेत, यावर तडजोड नको. नॉन-पर्सिस्टंट मेसेज क्यू मॅनेजर बंद होऊन चालू झाला की सहसा नाहीसे होतात. ‘आज अमुक वाजता काटा बंद राहील’ अशा सूचनेला ते चालेल, वजनाच्या एसएमएसला माझ्या मते नाही.

कमिट काउंट, म्हणजे किती मेसेज झाल्यावर एकदम कमिट करायचं तो आकडा, मुळात १ असतो. तो २० केला तर डिस्कची वाट बघणं बरंच कमी होतं. पण फ्लोमधून थेट एसएमएस सर्व्हिसला कॉल जात असेल तर हे करू नका. विसावा मेसेज फसला की आधीचे एकोणीसही परत क्यूत येतात आणि त्या शेतकऱ्यांना तोच एसएमएस पुन्हा जातो. फक्त क्यूतून क्यूत किंवा क्यूतून डेटाबेसमध्ये काम असेल तिथे हा उपाय चांगला.

जावाची कमाल हीप (तिला वापरता येणारी मेमरी) मुळात २५६ एमबी असते. मोठ्या फाइल हाताळणारे जावा नोड असतील तर ती वाढवा. नसतील तर उगाच हात लावू नका.

पायरी ७ : काट्यापर्यंतचं चॅनल

गावाकडच्या काट्याची लाइन जाते-येते. एमक्यू मेसेज सांभाळून ठेवतं, हरवत नाही. पण लाइन परत आली तरी मेसेज का येत नाहीत, हा प्रश्न हंगामात वारंवार येतो. कारण साधं आहे. चॅनल तुटलं की एमक्यू आधी ६० सेकंदांच्या अंतराने १० प्रयत्न करतं आणि त्यानंतर दर १,२०० सेकंदांनी, म्हणजे २० मिनिटांनी एकदा. लाइन पंधरा मिनिटं गेली आणि परत आली, तर चॅनल ‘रिट्राइंग’मध्ये पुढच्या वेळेची वाट बघत राहतं. अशा वेळी चॅनल हाताने स्टार्ट करा, आणि कायमचा उपाय म्हणून लांबचं अंतर कमी करून दोन-तीन मिनिटांवर आणा. एवढ्याशा बदलाने काट्यावरच्या ऑपरेटरचे कितीतरी फोन वाचतात.

पायरी ८ : अलार्म थोडे ठेवा

प्रत्येक क्यूच्या खोलीवर अलार्म लावला तर रात्रभर फोन वाजतो आणि तिसऱ्या दिवसापासून कुणी बघत नाही. मी एवढेच ठेवीन : सर्वांत जुन्या मेसेजचं वय ठरावीक मर्यादेपुढे गेलं, महत्त्वाच्या क्यूला वाचणाराच नाही, डेड लेटर किंवा बॅकआउट क्यूत एकही मेसेज आला, चॅनल दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ चालू नाही, लॉगची डिस्क भरत आली. वयाची मर्यादा कामाप्रमाणे ठरवा. काट्याच्या मेसेजला दोन मिनिटं, बिलाच्या मेसेजला अर्धा तास. आकडे प्रॉमिथियस या सॉफ्टवेअरमध्ये साठवून ग्राफानावर आलेखात दाखवणं आता सगळीकडे चालतं. रॅबिट-एमक्यूमध्ये ‘रेडी’ (उचलायचे राहिलेले) आणि ‘अनॲक्ड’ (उचलले पण पोच न दिलेले) वेगवेगळे बघा, काफ्कात कन्झ्युमर लॅग (वाचणारा किती मेसेज मागे आहे).

पायरी ९ : एका वेळी एकच बदल, आणि तोही हंगामाबाहेर

मोठे बदल गळीत चालू असताना करू नका. कारखाना बंद झाल्यावर मागच्या बिलाचे २०,००० मेसेज टेस्ट सर्व्हरवर सोडा. टेस्टच्या डेटाबेसमध्येही खऱ्याइतक्याच ओळी हव्यात. शंभर शेतकऱ्यांच्या टेबलवर इंडेक्स असला काय नि नसला काय, फरक दिसत नाही. एसएमएस आणि बँकेच्या जागी खोट्या सर्व्हिस ठेवा, आणि त्यांना खऱ्यांइतकाच उशीर करायला लावा, नाहीतर निकाल फसवा येतो. आणखी एक, सोलापुरापुरतं : ही टेस्ट एप्रिल-मेमध्ये होते, तेव्हा बाहेर पारा चाळिशीपार असतो. सर्व्हर रूमचा एसी धड नसेल तर प्रोसेसर तापून आपला वेग आपणच कमी करतो. टेस्टच्या आकड्यांशेजारी खोलीचं तापमानही लिहा.

एक बदल करा, तीच टेस्ट पुन्हा चालवा, आकडे लिहा, फायदा नसेल तर बदल मागे घ्या. दोन बदल एकदम केले तर कुठल्याने फरक पडला हे कळत नाही. वहीत तारीख, जुनी किंमत, नवी किंमत, आधीचा आणि नंतरचा वेळ, आणि बदल का केला याची एक ओळ असू द्या. ही वही शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा. ऑक्टोबरमध्ये, बॉयलर पेटण्याआधी, ती काढून प्रत्येक किंमत चालू सर्व्हरवर खरंच तशीच आहे का ते ओळीने तपासा. मधल्या काळात कुणीतरी सर्व्हर बदललेला असतो आणि सगळी सेटिंग मूळ जागी गेलेली असतात.